लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सर उलटेल, म्हणजे परत येईल का, हे इम्यून पेशींवरून कसं वाचायचं

मागे ओळखीतल्या एका मुलीने वडिलांच्या सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या रिपोर्टचा फोटो पाठवला, ट्रान्सप्लांट होऊन जेमतेम चार दिवस झालेले, आणि खाली एकच ओळ, "दादा एनएलआर ९ आलाय, नेटवर लिहिलंय पाचच्या वर गेला की कॅन्सर परत येतो, खरं का?" एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या रक्तातल्या दोन पांढऱ्या पेशींचा भागाकार. मी उलटा प्रश्न टाकला, त्या दिवशी स्टिरॉइड चालू होतं का? चालू होतं, चांगल्या मोठ्या डोसमध्ये. मग तो ९ स्टिरॉइडचा आणि ऑपरेशनचा आहे, कॅन्सरबद्दल तो काहीच सांगत नाही, आणि ज्या पाचबद्दल नेटवर लिहिलंय तो ऑपरेशनच्या आधीच्या रक्ताचा पाच आहे. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं, बिचारी रात्रभर जागी.

मी पॅथॉलॉजीत आहे, ट्रान्सप्लांटमध्ये काढलेली लिव्हरं कापून बघणं आणि त्यातल्या पेशी मोजणं हे रोजचं काम, त्यामुळे हा प्रश्न दोन बाजूंनी येतो. एक घरच्या माणसांकडून, दुसरा थिसिससाठी हा विषय गळ्यात पडलेल्या ज्युनिअर पोरांकडून. दोघांसाठी एकत्रच लिहितोय. घरच्यांनी मधला स्लाइडचा भाग वगळला तरी चालेल, पण ज्युनिअर मंडळींनी वगळू नका, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात आणि त्यातल्या बऱ्याच मी स्वतः करून बसलोय.

आधी मुळातली गोष्ट. गाठ असलेलं अख्खं लिव्हरच काढून टाकलं तर कॅन्सर परत येतो कुठून? तर ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशन चालू असताना काही पेशी रक्तात निसटलेल्या असतात, स्कॅनमध्ये दिसणार नाहीत इतक्या थोड्या, आणि त्या फुप्फुसात, हाडात नाहीतर थेट नव्या लिव्हरमध्येच जाऊन बसतात. नुसती गाठ कापून काढली तर मागे उरलेल्या सिरोसिसवाल्या लिव्हरमध्ये नवीन कोरी गाठ उगवू शकते, ट्रान्सप्लांटमध्ये ती जमीनच गेलेली असते, म्हणून इथे परत आलेला कॅन्सर बहुतेक वेळा जुन्याच गाठीचा निसटलेला माल असतो. असं साधारण १० ते २० टक्के पेशंटमध्ये होतं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या दोन वर्षांत.

या निसटलेल्या पेशींना पकडायचं काम कुणाचं, तर पेशंटच्याच इम्यून पेशींचं. आणि नेमकं त्यांनाच आपण टॅक्रोलिमस वगैरे देऊन दाबून ठेवलेलं असतं, कारण नाही दाबलं तर त्या नवीन लिव्हरवर तुटून पडतील. म्हणजे कॅन्सर पकडणारा पोलीस आणि नव्या लिव्हरवर लाठी चालवणारा पोलीस एकच आहे. म्हणूनच कुठलाही इम्यून पेशींचा आकडा हातात आला की आधी तीन गोष्टी विचारायच्या, हा कुठून मोजला, कधी मोजला, आणि त्या वेळी कुठलं औषध चालू होतं. या तीनशिवाय आकडा वाचायचाच नाही, अगदी मोठ्या जर्नलमध्ये छापलेला असला तरी.

गाठीचा हिशोब आधी करा

इम्यून पेशी कितीही भारी वाटल्या तरी पाया गाठीचाच. कॅन्सर उलटेल का हे सांगण्यात गाठीचा आकार, संख्या, एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा रक्तात वाढणारं प्रोटीन) आणि रक्तवाहिनीत घुसलाय का हे चार जण अजूनही सगळ्यात पुढे आहेत. १९९६ साली इटलीत माझ्झाफेरो यांच्या टीमने मिलान क्रायटेरिया दिले, एकच गाठ असेल तर ५ सेंटीमीटरपर्यंत, नाहीतर जास्तीत जास्त तीन गाठी आणि प्रत्येक ३ सेंटीमीटरपर्यंत, मोठ्या रक्तवाहिनीत शिरलेला नको आणि लिव्हरच्या बाहेर गेलेला नको. फक्त ४८ पेशंटचा अभ्यास होता तो, चार वर्षांनी ७५ टक्के लोक जिवंत होते, आणि त्याआधी कॅन्सरसाठी ट्रान्सप्लांटचे निकाल इतके वाईट असायचे की लोक हा नादच सोडायच्या बेतात होते.

पण मिलान हा दारावरचा नियम, आत कुणाला घ्यायचं ते ठरवणारा. ऑपरेशन झाल्यावरचा अंदाज घ्यायला रिट्रीट स्कोअर बघा, २०१७ मध्ये आलाय आणि घरी कागदावर काढता येतो. तीनच गोष्टी लागतात. ट्रान्सप्लांटच्या वेळचा एएफपी २० पर्यंत असेल तर शून्य, २१ ते ९९ ला एक, १०० ते ९९९ ला दोन, १००० आणि वर असेल तर तीन. काढलेल्या लिव्हरच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सर, असं लिहिलं असेल तर दोन. आणि तिसरं, सगळ्यात मोठ्या जिवंत गाठीचा सेंटीमीटरमधला आकार अधिक जिवंत गाठींची संख्या, ती बेरीज शून्य असेल तर शून्य, पाचच्या आत असेल तर एक, पाच ते दहाच्या आत असेल तर दोन, दहा किंवा वर असेल तर तीन.

समजा एएफपी १५, बारीक वाहिन्यांत कॅन्सर सापडला, जिवंत गाठ एकच ३.२ सेंटीमीटरची. शून्य अधिक दोन, आणि ३.२ अधिक १ म्हणजे ४.२ म्हणून एक, एकूण तीन. मूळ अभ्यासात शून्य स्कोअरवाल्यांना पाच वर्षांत कॅन्सर उलटण्याचा धोका ३ टक्क्यांच्या आत होता आणि पाच किंवा वर स्कोअर असलेल्यांना ७५ टक्क्यांच्या वर. केवढी दरी आहे बघा, कुठल्याही इम्यून टेस्टला या दरीशी टक्कर द्यायची आहे हे डोक्यात ठेवा. आणि जिवंत गाठ हा शब्द नीट वाचा, कारण ट्रान्सप्लांटच्या आधी टेस, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करून आत केमो सोडणं, झालेलं असेल तर बऱ्याच गाठी मेलेल्या असतात आणि त्या धरायच्या नसतात. रिपोर्टमध्ये व्हायेबल ट्यूमर असं शोधा.

सीबीसीमधून काय काढता येतं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुरुपयोग होणारी गोष्ट हीच. एनएलआर म्हणजे न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, बस. रिपोर्टमध्ये न्यूट्रोफिल ७२ टक्के आणि लिम्फोसाइट १२ टक्के असेल तर ६. टक्के घ्या नाहीतर ॲब्सोल्यूट काउंट घ्या, एकाच सॅम्पलचे असले की उत्तर तेच येतं.

यामागचा विचार असा की न्यूट्रोफिल वाढलेले असणं म्हणजे अंगात जळजळ चालू आहे, आणि हे न्यूट्रोफिल गाठीला नवीन रक्तवाहिन्या फुटायला मदत करतात, शिवाय स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि त्या जाळ्यात रक्तात फिरणाऱ्या कॅन्सरच्या पेशी अडकून तिथेच मुक्काम ठोकतात. दुसऱ्या बाजूला लिम्फोसाइट कमी म्हणजे पकडणारे कमी. २००९ मध्ये हलाझुन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ट्रान्सप्लांटच्या आधी एनएलआर ५ किंवा वर असलेल्यांमध्ये कॅन्सर जास्त उलटतो, आणि २०१७ मध्ये त्यांनीच मोरल नावाचा स्कोअर काढला ज्याच्या ऑपरेशनआधीच्या भागात एनएलआर, एएफपी आणि गाठीचा आकार या तिघांना मार्क आहेत. मला या स्कोअरची आवडणारी गोष्ट म्हणजे एनएलआरला त्यांनी गाठीच्या शेजारी बसवलं, एकट्याला नाही सोडलं.

आता हा आकडा कुठे फसवतो ते. इन्फेक्शन असलं की वाढतो, आणि सिरोसिसच्या पेशंटच्या पोटातल्या पाण्याला इन्फेक्शन व्हायला वेळ लागत नाही. टेस केल्यावर ताप येतो तेव्हाही वाढतो. स्टिरॉइड दिलं की रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बसलेले न्यूट्रोफिल सुटून प्रवाहात येतात आणि त्याच वेळी लिम्फोसाइट कमी होतात, म्हणजे भागाकाराला दोन्हीकडून धक्का. ट्रान्सप्लांटनंतरच्या पहिल्या दिवसांत तर ऑपरेशन, स्टिरॉइड, रक्त चढवणं सगळंच एकदम असतं.

प्लेटलेट भागिले लिम्फोसाइट असाही रेशो वापरतात, आणि प्लेटलेट गुणिले न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट याला एसआयआय म्हणतात. माझं वैयक्तिक मत विचाराल तर सिरोसिसमध्ये मला प्लेटलेटवाल्या कुठल्याच रेशोवर फार भरवसा नाही, कारण प्लीहा सुजलेली असते, ती प्लेटलेट अडवून धरते, मग तुम्ही मोजताय ती कॅन्सरची जळजळ नाही, पोर्टल प्रेशर, म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे येणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब मोजताय.

म्हणून पद्धत अशी ठेवा. ट्रान्सप्लांटच्या आधीचं, ताप नसतानाचं, अँटिबायोटिक आणि स्टिरॉइड चालू नसतानाचं, टेस होऊन निदान काही आठवडे उलटून गेल्यानंतरचं रक्त घ्या. एक नाही, शक्य असेल तर दोन-तीन तारखांचं. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये तारीख, न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट, रेशो, आणि शेजारी त्या दिवशी ताप होता का, स्टिरॉइड होतं का, टेस कधी झालं होतं हे रकाने. तीनही वेळा ५ च्या वर असेल आणि बाकीचे रकाने रिकामे असतील तर तो आकडा डॉक्टरांसमोर ठेवण्यासारखा आहे. एकदा वर गेला आणि शेजारी ताप लिहिलेला असेल तर पान उलटा.

हे रकाने मला अक्कल आल्यावर सुचले. माझ्या पहिल्या डेटात मी फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेला सीबीसी उचलत गेलो, आणि काही पेशंटच्या फाइलमध्ये वर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचा कागद होता, त्यामुळे ज्यांचं ऑपरेशन लांबलं, ज्यांना जास्त रक्त चढवावं लागलं त्यांचे एनएलआर वर गेले आणि आलेख इतका सुंदर दिसायला लागला की मी दोन दिवस खूश होतो. सरांनी तारखांचा रकाना मागितला आणि खेळ खलास. तीन महिन्यांचं काम परत केलं.

स्लाइडवर मोजायचं असेल तर

इथून पुढे ज्युनिअर मंडळींसाठी.

काढलेल्या लिव्हरमधल्या गाठीचा ब्लॉक घ्यायचा, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करायची आणि मारेकरी टी पेशींसाठी सीडी८, रेग्युलेटरी टी पेशींसाठी, म्हणजे इतरांना शांत बसवणाऱ्यांसाठी फॉक्सपी३, मॅक्रोफेजसाठी सीडी६८ आणि त्यातल्या गाठीच्या बाजूने झुकलेल्यांसाठी सीडी१६३ लावायचं. वाचायला सोपं वाटतं. मायक्रोस्कोपखाली डोळा लावला की काय होतं ते सांगतो.

पॉझिटिव्ह पेशी तपकिरी दिसते, कारण आपण वापरतो तो डीएबी रंग तपकिरी असतो. आणि लिव्हर हा अवयव मुळातच तपकिरी कचऱ्याने भरलेला आहे. लायपोफ्युसिन तपकिरी, लोहाचा हिमोसिडेरिन तपकिरी, पित्त साचलेलं असेल तर तेही हिरवट-तपकिरी. पहिल्यांदा सीडी६८ ची स्लाइड बघितली तेव्हा मी अर्धं हिमोसिडेरिन मॅक्रोफेज म्हणून मोजून टाकलं होतं. खरा स्टेन गुळगुळीत, पेशीच्या आकाराला धरून असतो, सीडी८ असेल तर पेशीभोवती बारीक बांगडीसारखी कड, फॉक्सपी३ असेल तर फक्त केंद्रक रंगलेलं, भरीव ठिपका. हिमोसिडेरिन चमकदार, खडबडीत दाणेदार असतं, फोकस वरखाली केला की दाणे चकाकतात. शंका आली तर प्रायमरी अँटिबॉडी न लावलेली कंट्रोल स्लाइड शेजारी ठेवून त्याच जागी बघा, तिथेही तपकिरी असेल तर तो कचरा. अजून एक, लिव्हरमध्ये स्वतःचं बायोटिन भरपूर असतं, त्यामुळे जुन्या अॅव्हिडिन-बायोटिन किटने अख्खी स्लाइड तपकिरी येऊ शकते, पॉलिमरवालं किट वापरा आणि डोकेदुखी वाचवा.

मग कुठे मोजायचं. गाठीचा मध्य, गाठीची कड आणि बाहेरचं लिव्हर या तीन वेगळ्या दुनिया आहेत. बाहेरच्या सिरोसिसवाल्या लिव्हरमध्ये, खासकरून हेपॅटायटिस असेल तर, पोर्टल ट्रॅक्टमध्ये लिम्फोसाइटची जत्रा भरलेली असते आणि ती व्हायरससाठी जमलेली असते, गाठीसाठी नाही. कडेला मोजताना एक फील्ड अर्धं त्या जत्रेत गेलं की आकडा दुप्पट. टेस झालेल्या गाठीत मेलेल्या भागाच्या किनाऱ्यावर मॅक्रोफेज ओळीने उभे असतात, ते सफाई कामगार आहेत, त्यांना बघून पेशंटचं भविष्य सांगू नका. त्यामुळे मोजायला बसायच्या आधी कागदावर लिहून ठेवा, किती फील्ड, कुठली, सगळ्यात दाट जागा निवडणार की नेमाने अंतर सोडून. मोजून झाल्यावर ठरवलं तर मन आपोआप आपल्याला हवं तिकडे जातं, मी काय, कुणीही. आणि मोजणाऱ्याला पेशंटचा कॅन्सर उलटला की नाही हे माहीत नको, दोघांनी वेगवेगळं मोजायचं, फार फरक आला तर एकत्र बसून परत. आकडा स्क्वेअर मिलिमीटरमागे द्या, प्रत्येक फील्डमागे दिला तर दुसऱ्याच्या मायक्रोस्कोपशी जुळत नाही.

मोजून आलं की वाचायचं कसं? सरळसोट समज असा की सीडी८ जास्त आणि फॉक्सपी३ कमी म्हणजे चांगलं. २००७ मध्ये गाओ वगैरेंनी गाठ कापून काढलेल्या पेशंटमध्ये हेच दाखवलं, दोघांचा तोल एकेकट्या आकड्यापेक्षा जास्त बोलतो. पण मग २०२१ मध्ये एकेका पेशीचा आरएनए वाचून सन वगैरेंनी लवकर उलटलेल्या गाठी पहिल्या गाठींशी ताडून बघितल्या, तर उलटलेल्या गाठींत रेग्युलेटरी पेशी उलट कमी निघाल्या आणि सीडी८ भरपूर, फक्त त्या सीडी८ वर सीडी१६१ होतं आणि मारण्याची ताकद जेमतेम. म्हणजे पहाऱ्यावर माणसं उभी आहेत पण पेंगतायत. आपल्या साध्या तपकिरी ठिपक्यात जागा कोण आणि पेंगणारा कोण हे कळत नाही, त्यासाठी पीडी-१, टिम-३ असे थकल्याचे मार्कर सोबत लावावे लागतात, आणि तरी थोडंफारच कळतं.

आणि हे दोन्ही अभ्यास गाठ कापलेल्यांचे आहेत, ट्रान्सप्लांटवाल्यांचे नाहीत. हा फरक लोक सर्रास विसरतात. तुमच्या स्लाइडवरची लढाई ट्रान्सप्लांटच्या आधीची आहे, पेशंटच्या मोकळ्या पेशींनी लढलेली. निसटलेल्या पेशींशी पुढची लढाई टॅक्रोलिमसखाली होणार आहे. स्लाइडवरून गाठीचा स्वभाव कळतो, पुढच्या लढाईचा निकाल नाही. थिसिसच्या चर्चेत हे एक वाक्य लिहा, परीक्षक नक्की विचारतात.

ऑपरेशननंतरचं रक्त आणि औषधं

ट्रान्सप्लांटनंतर फ्लो सायटोमेट्रीने, म्हणजे लेझरपुढून एकेक पेशी नेऊन मोजण्याच्या पद्धतीने, रक्तातल्या एनके (नॅचरल किलर) पेशी, सीडी४ म्हणजे मदतनीस टी पेशी, सीडी८, रेग्युलेटरी पेशी मोजता येतात. यात एनके पेशींची गोष्ट मला सगळ्यात रंजक वाटते, कारण त्या आधी ओळख न पटवता संशयिताला मारतात आणि निरोगी लिव्हरमध्ये त्या खच्चून भरलेल्या असतात. हिरोशिमा युनिव्हर्सिटीतल्या ओहदान यांच्या गटाने तर दात्याचं लिव्हर धुतलेल्या द्रवातून लिम्फोसाइट गोळा केले, इंटरल्युकिन-२ मध्ये वाढवून एनके पेशी तापवल्या आणि त्या पेशंटला चढवल्या, कॅन्सर उलटू नये म्हणून. मोरीत जाणाऱ्या पाण्यातून सैन्य उभं करण्याची कल्पना, मला तर वाचून मजाच वाटली होती. पण हे अजून रोजच्या उपचारात आलेलं नाही.

रक्ताचा आकडा वाचायचा असेल तर शेजारी त्याच दिवशीची टॅक्रोलिमस लेव्हल लिहा. टॅक्रोलिमस आणि सायक्लोस्पोरिन टी पेशींमधलं कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम बंद करतात, त्यामुळे त्या पेशी इंटरल्युकिन-२ हा वाढीचा निरोप बनवत नाहीत आणि त्यांची संख्या वाढत नाही. २०१३ मधल्या एका अभ्यासात पहिल्या महिन्यात टॅक्रोलिमस १० नॅनोग्रॅमच्या वर किंवा सायक्लोस्पोरिन ३०० च्या वर राहिलेल्यांमध्ये कॅन्सर जास्त उलटला होता. सिरोलिमस आणि एव्हरोलिमस ही दुसऱ्या जातीची औषधं, एमटॉर हा पेशीच्या वाढीचा स्विच बंद करणारी, गाठीच्या वाढीवरही त्यांचा दाब पडतो म्हणून खूप आशा होती, पण ५०० च्या वर पेशंट असलेल्या सिल्व्हर ट्रायलमध्ये, २०१६ चा निकाल, सिरोलिमसचा फायदा पहिल्या तीन ते पाच वर्षांपुरता दिसला, पुढे टिकला नाही.

इथे घरच्यांसाठी जोर देऊन सांगतो, कारण हे वाचून कुणाच्यातरी डोक्यात येणारच. इम्यूनिटी दाबल्याने कॅन्सर उलटतो म्हणून गोळ्या मनाने कमी करायच्या नाहीत, एक दिवससुद्धा नाही. रेजेक्शन, म्हणजे इम्यून पेशींचा नव्या लिव्हरवर हल्ला, आला की तो थांबवायला स्टिरॉइडचा मोठा डोस द्यावा लागतो, म्हणजे ज्या पेशी वाचवायला गोळी सोडली त्याच दुप्पट दाबल्या जातात. लेव्हल किती ठेवायची, औषध बदलायचं का, हा प्रश्न ट्रान्सप्लांट टीमला विचारायचा, आणि बिनधास्त विचारा, "पेशंटला कॅन्सर होता, मग लेव्हल किती खाली ठेवता येईल?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

अंदाज खरा की खोटा हे तपासणं

समजा कुणी सांगितलं की अमुक पेशी कमी असतील तर धोका अडीच पट. अडीच पट कशाच्या? मूळ धोका ५ टक्के असेल तर हॅझार्ड रेशो २.५ ने तो साधारण १२ टक्क्यांवर जातो, म्हणजे शंभरातले ८८ अजूनही सुखरूप. मूळ धोका ४० असेल तर तोच रेशो ७२ वर नेतो, शंभरावर नाही, कारण हॅझार्ड रेशो म्हणजे कॅन्सर उलटण्याच्या वेगाची पट, टक्क्यांचा सरळ गुणाकार नाही. म्हणून रिट्रीट आधी काढायला सांगितलं, तो मूळ धोका देतो, इम्यून पेशींचा आकडा त्याला फक्त वर-खाली ढकलतो.

ज्युनिअर लोकांसाठी अजून दोन-तीन गोष्टी पटकन. शंभर पेशंटमध्ये पंधरा जणांचा कॅन्सर उलटला असेल तर तुमच्याकडे शंभर नाही, पंधराच घटना आहेत, त्यात सात-आठ व्हेरिएबल कोंबलेत तर मॉडेल पाठांतर करेल, शिकणार नाही. कटऑफ त्याच डेटातून शोधून त्याच डेटावर तपासला तर तो पास होणारच, पेपर फोडून परीक्षा दिल्यासारखं आहे ते, दुसऱ्या सेंटरच्या पेशंटवर तपासा. ज्यांचा मृत्यू इन्फेक्शनने किंवा दुसऱ्या कारणाने झाला त्यांना कॅन्सर उलटला नाही या खात्यात गुपचूप टाकू नका, त्यासाठी कॉम्पिटिंग रिस्कची वेगळी पद्धत आहे. आणि शेवटी एवढंच बघा की रिट्रीटच्या शेजारी तुमचा आकडा ठेवल्यावर सी-इंडेक्स, म्हणजे कुणाचा आधी उलटेल हा क्रम मॉडेल किती बरोबर लावतं त्याचा आकडा, हलतो का. नाही हलला तर पेशी खोटं बोलत नाहीयेत, फक्त तेच सांगतायत जे एएफपीने आधीच सांगितलं होतं.

हातात अंदाज आल्यावर

धोका जास्त निघाला तर पहिला बदल तपासण्यांच्या वेळापत्रकात होतो. छाती आणि पोटाचा सीटी आणि एएफपी जवळजवळच्या अंतराने, पहिली दोन-तीन वर्षं तरी. छातीचा सीटी राहून जातो बऱ्याचदा, सगळ्यांचं लक्ष नव्या लिव्हरकडे, आणि फुप्फुस ही तर परत येण्याची नेहमीची जागा. नुसत्या एएफपीवर अवलंबून राहायचं नाही, काही गाठी एएफपी बनवतच नाहीत. लवकर सापडलेली, एका जागीच असलेली गाठ कधीकधी परत कापून काढता येते, म्हणून ही धडपड.

इम्यून पेशी जाग्या करणारी औषधं, पीडी-१ आणि पीडी-एल१ वाली, लिव्हर कॅन्सरमध्ये २०२० पासून जोरात आहेत आणि नातेवाईक हमखास विचारतात की ती का देत नाही. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसात ती दिली की पेंगणारे पोलीस उठतात खरे, पण समोर पहिलं नवीन लिव्हर दिसतं. तीव्र रेजेक्शन होऊन लिव्हर गमावलेले पेशंट आहेत. ट्रान्सप्लांटच्या आधी ही औषधं घेतली असतील तर शेवटच्या डोसची तारीख टीमला नक्की सांगा, शरीरातून उतरायला वेळ लागतो.

एक काम मात्र डिस्चार्जच्या वेळीच करून टाका. पॅथॉलॉजी रिपोर्टची पूर्ण प्रत घ्या, नुसता सारांश नको, आणि गाठीचे पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेले तुकडे, किती वर्षं ठेवतात ते विचारून त्यांचे नंबर रिपोर्टवर लिहून घ्या. दोन वर्षांनी फुप्फुसात काही दिसलं आणि जुन्या गाठीशी ताडून बघायची वेळ आली तर रंगवलेली स्लाइड पुरत नाही, ब्लॉक लागतो, आणि तो नक्की कुठे आहे हे तेव्हा शोधत बसायला कुणाकडे वेळ नसतो.